छत्रासकट

फार मागे, शालवती नगरीच्या गादीवर श्रीषेण नावाचा राजा बसलेला असताना, बोधिसत्त्व गिधाडाच्या पोटी जन्मला होता. नगराबाहेर शिळेचा माळ नावाचा उघडा खडक होता. त्या खडकाच्या कड्यावर बोधिसत्त्वाचं घरटं होतं. घरट्यात त्याची साथीण होती आणि एक पिल्लू होतं. एकच, कारण गिधाडाला एका वेळी एकच होतं.

शालवतीचे लोक मेलेल्याला जाळत नसत, पुरतही नसत. शिळेच्या माळावर आणून ठेवत. संध्याकाळपर्यंत गिधाडं काम उरकत. याची कुणाला किळस नव्हती. आजारी म्हातारे चेष्टेनं म्हणत, "पाखरांना सांगून ठेवा, येतोच आहे."

एक नियम मात्र होता, आणि तो राजांपेक्षा जुना होता. एखाद्या प्रेताला गिधाडांनी चोच लावली नाही आणि त्याच्यावर दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवला, तर ते प्रेत 'थांबलेलं' ठरे. थांबलेल्याची फिर्याद बाकी आहे असं मानत. मग न्यायाधीशाला न्यायसभा सोडून माळावर यावं लागे, प्रेतासमोर जमिनीवर बसावं लागे आणि मोठ्यानं विचारावं लागे, "कुणी?" हजर असलेल्या कुणीही नाव घ्यावं. ज्याचं नाव निघेल त्यानं अनवाणी यावं आणि प्रेताच्या छातीवर हात टेकवून उत्तर द्यावं. नियम एवढाच. त्यात 'अमुक सोडून' असं काही नव्हतं. पण कित्येक पिढ्यांत कुणी थांबलंच नव्हतं. त्यामुळे नगरातल्या शहाण्या लोकांना या नियमाचा मोठा अभिमान होता, आणि तो कधी वापरावा लागणार नाही याची खात्रीही होती.

त्या वर्षी राजाला नदीकाठी नवा हत्तीखाना बांधायचा होता. जागेवर कोष्ट्यांची आळी होती. कोष्टी म्हणाले, आम्हाला सूत धुवायला नदी लागते, आम्ही उठणार नाही. राजानं त्यांना बोलणीसाठी बोलावलं, दर घरामागे एक माणूस. एका रिकाम्या कोठारात त्यांना बसवलं. गूळपाणी दिलं. मग दाराला बाहेरून आडणा घातला आणि झरोक्यांखाली ओला पेंढा पेटवला.

हे माणसांपैकी मोजक्यांनीच पाहिलं, आणि ती सगळी राजाच्या पगारावर होती. पण त्या वेळी बोधिसत्त्व कोठाराच्या बरोबर वर, उंच, पंख न हलवता तरंगत होता. त्यानं धूर पाहिला. गच्चीवर पांढऱ्या छत्राखाली उभा असलेला राजा पाहिला. राजानं हात वर केला आणि खाली सोडला, तेव्हा पेंढ्याला आग लागली, हेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडी फिरली की कोष्टी आळीत साथ आली आहे. बायकापोरांना शिपायांनी नदीपलीकडे हाकललं. प्रेतं गाड्यांवर घालून, चादरी झाकून शिळेच्या माळावर आणली. राजाचा हिशेब साधा होता. संध्याकाळपर्यंत गिधाडं काहीच शिल्लक ठेवणार नव्हती.

कडाक्याच्या थंडीचे दिवस होते आणि थवा उपाशी होता. शिपायांनी चादरी ओढून काढल्या तशी गिधाडं खडकावर उतरली. थव्याचा एक रिवाज होता. पहिली चोच सगळ्यात वडीलधाऱ्यानं मारायची, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. वडीलधारा होता जरठ. त्याच्या मानेवरची पिसं कधीच गळून गेली होती. तो डुलत डुलत पहिल्या प्रेताकडे निघाला. ते प्रेत तिष्य नावाच्या कोष्ट्याचं होतं. त्याची नखं मुळापासून उखडलेली होती आणि बोटांत सागाच्या फळीच्या बारीक ढलप्या रुतल्या होत्या.

जरठ पोचायच्या आत बोधिसत्त्व तिष्याच्या छातीवर जाऊन बसला आणि त्यानं पंख उघडले.

"सरक," जरठ म्हणाला. "फार भूक लागली असेल तर माझ्यामागून ये. रीत पाळ."

"आजोबा, याला खायचं नाही."

"का? साथीनं आपल्याला काही होत नाही."

"साथ नव्हती. मी वरून पाहिलंय. राजानं कोंडून मारलं यांना."

जरठानं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. "बरं मग? पोरा, आपण गिधाडं आहोत. कोण मेला ते बघायचं, का मेला ते विचारायचं नाही. माझ्या बापानं विचारलं नाही, मी विचारलं नाही, म्हणून तर थवा टिकला."

"तुम्ही कधी विचारलं नाही, हे राजाला माहीत आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "म्हणून तो मारतो आणि आपल्या पोटात लपवतो. थवा टिकला म्हणता? आपण त्याचं तळघर झालोय."

"भाषणं पोट भरल्यावर. कड्यावर तुझं पिल्लू मान टाकून पडलंय, ते तरी बघ."

"बघूनच आलोय."

"मग उठ!"

"नाही उठत. तुम्हाला पहिली चोच मारायचीच असेल तर माझ्यावर मारा. याच्यापर्यंत पोचायला माझ्यातूनच जावं लागेल."

जरठ थबकला. गिधाडांचा धर्म म्हणावा असा एकच होता: जिवंताला चोच लावायची नाही. हा धर्म त्यानंच सगळ्यांना शिकवला होता, आणि आता तोच त्याच्या आडवा आला होता. तो मागे सरून दुसऱ्या प्रेताकडे वळला, तर तिथे बोधिसत्त्वाची साथीण येऊन बसली होती, पंख उघडून. तिसऱ्यावर आणखी एक. थोड्या वेळात प्रत्येक छातीवर एक तरुण गिधाड बसलं. म्हातारी गिधाडं मधल्या मोकळ्या खडकावर एकमेकांकडे बघत उभी राहिली.

पहाऱ्यावरच्या शिपायांनी आधी दगड मारले. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "अरे, ही आपल्याकडे बघतायत," आणि कुणी दगड उचलला नाही.

दुपारी ही बातमी राजाला कळली. त्यानं धिप्पाड बैल कापवले आणि माळावर, प्रेतांच्या शेजारीच, त्यांचे ढीग रचवले. पाखरं बैल खायला बसली की त्यांचा उपास सुटेल, उपास सुटला की बाकीचंही जाईल, असा त्याचा कयास होता. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तो अर्धा बरोबर ठरला. ती तुटून पडली. मांस गळ्यापर्यंत आल्यावरही थांबली नाहीत. शेवटी त्यांना उडताही येईना, नीट चालताही येईना. जरठ एका कुशीवर पडून म्हणाला, "ये रे. हा तर बैल आहे, यात कसलं पाप? तुझं पोर मरेल."

बोधिसत्त्व म्हणाला, "मी उठलो की तुम्ही इथे याल."

ते खरं होतं, आणि जरठालाही ते माहीत होतं. त्याच्या चोचीला मांस लोंबत होतं. कडा चार झेपांवर होता. पण त्या म्हाताऱ्यांपैकी एकानंही पोट फुगायच्या आधी चोचभर मांस त्या पिल्लाला नेऊन टाकलं नाही. पिल्लाची काळजी ती फक्त बोलून दाखवत होती.

रात्र पडली तशी कोल्ही आली. ती प्रेतांजवळ गेली नाहीत. माळाच्या कडेला ओळीनं बसून राहिली, पाहुणे पंगतीची वाट बघतात तशी. आणि नगरात तटाजवळ राहणाऱ्यांना कोष्टी आळीतून माग चालल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. खट, खट. आळीत तर एक माणूस उरला नव्हता. लोकांनी दारं लावून घेतली. आवाज दारातून आत येत राहिला.

सूर्य उगवला. शालवतीचे लोक रोज सकाळी नकळत माळाकडे बघत, तिथे पाखरं फिरताना दिसत. त्या दिवशी आकाश रिकामं होतं. उभ्या जन्मात हा नियम सगळ्यांनी फक्त ऐकला होता, तरी सगळ्यांना कळलं. लोक घराबाहेर पडले आणि न बोलता माळाच्या दिशेनं चालू लागले.

मुख्य न्यायाधीश देवरात याला यावंच लागलं. तो नगरातला सर्वात मानाचा म्हातारा होता. लग्नाच्या पंगतीत त्याला पहिलं ताट मिळे. त्यानं सोबत आसन आणलं होतं. लोकांनी आसनाकडे पाहिलं, तेव्हा ते बाजूला ठेवून तो खडकावर बसला. प्रत्येक प्रेताच्या छातीवर एकेक पाखरू होतं आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या होत्या. त्यानं घसा खाकरला आणि जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, "कुणी?"

लोकांच्या नजरा खाली गेल्या.

"कुणाचंच म्हणणं नसेल तर..." असं म्हणत तो गुडघ्यावर हात टेकून उठू लागला.

"राजानं," एक बाई म्हणाली.

ती मालुका होती, तिष्याची बायको. बाकीच्या बायकांबरोबर तिलाही नदीपलीकडे हाकललं होतं. पहाटे ती छातीएवढ्या पाण्यातून परत आली होती आणि तिचं लुगडं अजून निथळत होतं.

देवरात पुन्हा बसला. "बाई, दुःखात माणूस काहीही बोलतं. मी ऐकलं नाही असं समजतो."

"मग पुन्हा ऐका. श्रीषेण राजानं मारलं. माझ्या नवऱ्याला गूळपाणी देऊन मारलं."

"हे बघ," देवरात मऊ आवाजात म्हणाला, "तुझा कायद्याचा अभ्यास नाही. न्याय होतो तो राजाच्या नावानं. राजा गादीवर असेपर्यंत त्याचं नाव इथे घेता येत नाही."

"आणि गादीवरून उतरल्यावर?"

"उतरल्यावर तो राजा राहणार नाही. कृत्य तर राजाचं होतं. मग जो राजाच नाही त्याला त्याबद्दल कसं विचारणार?"

मालुका म्हणाली, "म्हणजे बसलाय तोवर विचारायचं नाही, कारण तो राजा आहे. उठल्यावर विचारायचं नाही, कारण तो राजा नाही. काका, मग तुम्ही इथे थंडीचं कशाला आलात? घरी जाऊन पेज प्या."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. देवराताचे कान लाल झाले. "हे वडिलांनी घालून दिलेलं आहे," तो म्हणाला. "बदल करणारे आपण कोण?" नियमात असं काही घातलेलं नव्हतं. ते त्याच्यासारख्यांनीच कधीतरी राजाच्या पंगतीत बसून ठरवलं होतं आणि वडिलांच्या नावावर खपवलं होतं.

तो उठला. तेव्हा बोधिसत्त्वानंही तिष्याच्या छातीवरून झेप घेतली. त्याच्या मागून सगळी तरुण गिधाडं उठली. ती वर चढली आणि माळ सोडून नगराकडे गेली. शालवतीच्या लोकांनी जिवंत घरांवरून गिधाडं फिरताना कधी पाहिली नव्हती. आया पोरांना पदराखाली घेऊ लागल्या. पण पाखरं कुठल्याच घरावर थांबली नाहीत. ती राजवाड्यावर गेली आणि तिथे गोल फिरू लागली.

राजा गच्चीवर छत्राखाली बसला होता. पांढऱ्या छत्रावरून एकामागून एक काळ्या सावल्या सरकू लागल्या. तो आत गेला, तर पाखरं त्याच्या दालनावर आली. अंगणात गेला, तर अंगणावर आली. न्हाव्याचा वस्तरा त्याच्या हनुवटीखाली थांबला आणि न्हावी म्हणाला, "महाराज, माझा हात चालत नाही." आचाऱ्यानं ताट उंबऱ्याबाहेरच ठेवलं. धनुर्धरांना बोलावलं, तर त्यांचा नायक वर बघून म्हणाला, "मारतो महाराज. पण वर मारलेला बाण खाली येणार, आणि खाली आपण आहात."

राजानं देवराताला बोलावलं. "हाकल यांना."

"महाराज, ती हाकलून जात नसतात. ती वाट बघतात."

"कशाची?"

देवरातानं आधी वर पाहिलं, मग माळाकडे. राजाला ते उत्तर कळलं. बाहेर दिवसाढवळ्या रिकाम्या आळीतून माग चालल्याचा आवाज येत होता, आणि आता तो राजालाही ऐकू आला.

"ठीक आहे," राजा म्हणाला. "छत्र घ्या. माझ्या तोंडावर माझं नाव कोण घेतं ते बघतोच."

तो माळावर आला. गिधाडं त्याच्यासोबत वरून आली आणि पुन्हा आपापल्या जागी बसली. तिष्याची छाती मात्र बोधिसत्त्वानं मोकळी ठेवली. तो तिष्याच्या उशाशी बसला. राजाला बघून लोक मागे सरले. मालुका सरकली नाही.

"तूच का?" राजानं विचारलं.

"मीच. पादत्राणं काढ."

राजानं ती काढली, हसत हसत. देवरात घाईघाईनं पुढे झाला आणि छत्र धरणाऱ्याला म्हणाला, "निदान छत्र मिट रे. छत्राखाली असं उभं करणं शोभत नाही. घटकाभर ते साधे श्रीषेण आहेत असं धरू या."

"राहू दे छत्र," मालुका म्हणाली. "छत्रासकट उभा राहू दे. उद्या तुम्हीच म्हणाल की उभा होता तो राजा नव्हताच."

छत्र उघडं राहिलं. त्याच्या सावलीत राजा वाकला आणि त्यानं हात पुढे केला. हात छातीच्या किंचित वर, अधांतरी थांबला.

"साथीनं मेले," तो म्हणाला.

"कुणी पाहिलंय का?" देवरातानं जमिनीकडे बघत विचारलं.

"मी पाहिलं," बोधिसत्त्व माणसाच्या आवाजात म्हणाला. "वरून पाहिलं. कोठाराला आडणा घातला होता. झरोक्यांखाली पेंढा होता. तू गच्चीवर होतास. तू हात खाली सोडलास, तेव्हा आग लागली. तोच हात आता टेकव."

"मुडदे खाणाऱ्याची साक्ष!" राजा ओरडला. "आता हे पाखरू मला शिकवणार?"

"टेकव," मालुका म्हणाली.

लोकांतूनही कुणी म्हणालं, "टेकव." मग अनेकांनी. राजानं रागानं तळहात तिष्याच्या छातीवर दाबला.

तिष्याचे ओठ विलग झाले आणि त्यांतून धूर बाहेर आला. काळसर, बारीक, ओल्या पेंढ्याच्या वासाचा. तो राजाच्या मनगटाभोवती वळला, वर चढला आणि पांढऱ्या छत्राच्या आतल्या बाजूला लागून तिथे काळा डाग सोडून गेला. राजानं हात काढून घेतला. मालुका पुढच्या प्रेताशी गेली, तिथलं गिधाड बाजूला सरलं आणि तिनं स्वतःचा हात टेकवला. धूर आला. त्याच्या पुढच्याशी गेली, तिथेही आला. मागाचा आवाज थांबला होता. सगळ्या माळावर फक्त त्या बाईच्या लुगड्यातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

साथीनं मेलेल्याच्या छातीत धूर नसतो, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मग लोक उसळले. काल दारं लावून बसलेले आज दगड घेऊन पुढे आले. "याला इथेच आडवा करा! पाखरांना द्या!" राजा मागे हटताना अडखळला आणि खडकावर उताणा पडला. पहिला दगड सुटायच्या आत बोधिसत्त्व त्याच्या छातीवर जाऊन बसला आणि त्यानं पंख उघडले. आदल्या दिवशी तिष्यावर उघडले होते तसेच.

"आम्ही जिवंताला चोच लावत नाही," तो म्हणाला. "तुम्हीही लावू नका. याला मारलंत तर तुम्ही याच्याच रीतीनं मारलंत असं होईल. याला विचारलंय, याचं उत्तर मिळालंय. आता ज्याचं काम आहे त्यानं निकाल सांगावा."

सगळ्यांनी देवराताकडे पाहिलं. गिधाडं एकेक करून प्रेतांवरून उतरली, त्याच्याभोवती कडं करून बसली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. देवराताला एकाएकी धैर्य आलं असं कुणी समजू नये. तो जन्मभर भीतीनं बोलत आला होता, आताही भीतीनंच बोलला. फक्त आज भीती दुसऱ्या बाजूनं आली होती.

"राजा श्रीषेण दोषी आहे," तो म्हणाला.

"राजा असताना," मालुका म्हणाली.

"राजा असताना दोषी आहे. त्यानं उरलेला जन्म या माळावर पहाऱ्यात काढावा. नगरात जो मरेल त्याला स्वतःच्या खांद्यावर आणावं, आणि छातीवर हात टेकवल्याशिवाय शिळेवर ठेवू नये."

त्यानंतर छत्र मिटलं. आधी नाही.

मालुका तिष्याजवळ बसली. तिनं त्याच्या बोटांतल्या ढलप्या एकेक करून काढल्या आणि ओठांवरची काजळी ओल्या पदरानं पुसली. मग उठून बोधिसत्त्वाला म्हणाली, "त्याचं बोलून झालं. आता जेव बाळा. किती वेळ उपाशी आहेस."

जरठ अजून बैलाच्या हाडांशी लोळत पडला होता. त्याची पाळी त्यानंच घालवली होती. पहिली चोच बोधिसत्त्वानं मारली. तो घास त्यानं गिळला नाही. तो घेऊन कड्यावर गेला. पिल्लाची मान घरट्याच्या काठावरून खाली लोंबत होती. त्यानं घास त्याच्यापुढे धरला आणि तसाच धरून बसला. बऱ्याच वेळानं पिल्लाची चोच उघडली.

त्या संध्याकाळी कोष्टी आळीतून पुन्हा मागाचा आवाज आला. या वेळी कुणी दारं लावली नाहीत. मालुका घरी परतली होती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, एका विहारात सांगितली. तिथला विहारप्रमुख स्थविर उदुंबर यानं तापानं आजारी असलेल्या एका भिक्षूला किरकोळ रागावरून रात्रभर थंडीत बाहेर ठेवलं होतं, आणि तो भिक्षू मेला होता. शीलवती नावाच्या भिक्षुणीनं हे संघापुढे मांडलं. पहिल्या रांगेतले ज्येष्ठ म्हणाले, ते विहारप्रमुख आहेत, पदावर असताना त्यांना उभं करणं बरं दिसत नाही. तेव्हा शास्त्यांनी ही जुनी हकिगत सांगितली आणि शेवटी मागच्या जन्मातल्या आणि आजच्या माणसांची जुळणी केली.

"त्या वेळची मालुका ही आजची शीलवती. त्या वेळचा श्रीषेण राजा हा आजचा उदुंबर. देवरात आणि बैल खाऊन पडलेली गिधाडं दूर शोधू नका, ती पहिल्या रांगेत बसली आहेत आणि त्यांचं जेवण नुकतंच झालंय. ज्या पाखरानं छातीवरून हलायचं नाकारलं, ते मी होतो. जिथे बसायला हवं तिथे बसून राहणं, उपाशी असलो तरी, वडील रागावले तरी, आणि ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्याही छातीवर तसंच बसणं, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात."

एका ज्येष्ठ भिक्षूनं उठून उदुंबराचं उंच आसन हलवायला घेतलं, म्हणजे त्याला साध्या भिक्षूसारखं उभं करता येईल.

"राहू द्या ते," शास्ते म्हणाले.

आसन जागेवर राहिलं. त्याच्यापुढे उदुंबर अनवाणी उभा राहिला, आणि शीलवतीनं विचारलं, "कुणी?"